डाव्या बाजूचा आरसा

"वैनी, कुठं धडकवलीसा?"

रंगराव भाऊजी गाडीच्या डाव्या अंगाला उभे राहून विचारत होते. आरसा दारापासून निखळून दोन तारांवर लोंबत होता. तारांना अडकलेली जाडजूड स्प्रिंग बाहेर डोकावत होती. काच मात्र शाबूत होती. तिच्यात बोळाची फरशी आणि भाऊजींची चप्पल उलटी दिसत होती.

मी पायरीवर उभी. हातात किल्ली.

"काल वडणग्यास्नं येताना लागला असंल," उत्तरही त्यांनीच दिलं. "पुलावर उसाच्या ट्रॉल्या आंगावर येत्यात. मी धैर्यशीलला म्हटलंच हुतं, बाबा, आईला आवर. ह्ये काय वय हाय?"

मी खाली वाकून आरसा हातात घेतला. एवढासा दिसतो, पण बराच जड असतो.

"आता हात नका लावू वैनी. मी फोन करतो त्याला."

"करा," मी म्हटलं.

ही गोष्ट दोन हजार तीनची. नोव्हेंबर महिना, वार गुरुवार. मी तेव्हा पंचावन्न वर्षांची होते आणि मला गाडीचा परवाना मिळून अडीच महिने झाले होते.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं घर. पुढच्या भागात धाकटे दीर रंगराव भाऊजी, मागच्या भागात मी, आणि दोघांच्या मधून जाणारा बोळ. बोळात आमची पांढरी छोटी गाडी उभी असायची. तिच्या अंगाला अंग घासून भाऊजींची स्कूटर बाहेर पडायची. माझे यजमान आदल्या डिसेंबरात गेले. एकुलता एक मुलगा धैर्यशील पुण्याला. मी तीस वर्षं घरी शिवणक्लास चालवला, पण तयार कपड्यांची दुकानं झाली तशा शहरातल्या मुली यायच्या बंद झाल्या. मग नदीपलीकडच्या वडणगे गावातल्या बायकांनी बोलावलं. बुधवारी आणि रविवारी, दुपारी दोन ते पाच. तिथं मशीन दोनच होती, म्हणून माझ्या दोन मशीनची मुंडकी, म्हणजे टेबल सोडून वरचं यंत्र, मी गाडीच्या डिकीत घालून न्यायची. एसटीत ती कुठं ठेवणार? गाडी गेली तर क्लास गेला. आणि क्लास गेला तर मी त्या घरात नुसती बसणार, हे मला, भाऊजींना आणि धैर्यशीलला, तिघांनाही नीट ठाऊक होतं. त्या दोघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं एवढंच.

तासाभरात धैर्यशीलचा फोन आला.

"आई, लागलं नाही ना तुला?"

"नाही."

"बरं झालं एवढ्यावर निभावलं. हे बघ, रविवारी मी येतोय. इचलकरंजीचे एक मगदूम म्हणून आहेत, त्यांना गाडी दाखवतो. कागद आणतो, तू फक्त सही कर. आणि तोपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. कबूल?"

"तू जेवलास का?" मी विचारलं.

"आई, मी काय म्हणतोय?"

"ऐकलं मी," म्हणून फोन ठेवला.

ऐकलं म्हटलं, कबूल म्हटलं नाही. अस्तराची दोन बोटं रुंद पट्टी फाडली, आरसा दाराच्या मुठीला गच्च बांधला आणि गाडी सुरू केली. भाऊजी बनियनवरच धावत बाहेर आले.

"आवो वैनी! त्यानं नगं म्हटलंय न्हवं?"

"दस्तगीरकडं नेते."

"डाव्या अंगाचं दिसणार न्हाई तुमाला!"

हे मात्र खरं बोलले.

डावी बाजू म्हणजे काय ते मला त्या घरात सर्वांत जास्त ठाऊक. आमच्या पहिल्या गाडीला डावीकडं आरसाच नव्हता. ह्या गाडीला होता, तर आमच्या ह्यांनी तो आणल्या दिवसापासून मिटून ठेवलेला. बोळात कशाला तो कान बाहेर काढून ठेवायचा, म्हणायचे. पेठेतल्या निम्म्या गाड्या तशाच फिरायच्या, दोन्ही कान मिटून. गाडी वळवायची झाली की हे विचारायचे, "डावीकडं हाय का गं कोण?" मी मान बाहेर काढून सांगायची, "सायकल आहे. थांबा. हं, घ्या." वीस वर्षं डाव्या बाजूचा आरसा मीच होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, बाई, तुमच्या शेजारी कोण बसणार? मी म्हटलं, कोणी नाही. मग ते म्हणाले, हा आरसा उघडा ठेवायला शिका.

दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज उद्यमनगराच्या पाठीमागं. त्याच्या दोन्ही बहिणी माझ्याकडं शिवण शिकलेल्या, म्हणून तो मला बाईच म्हणायचा. त्यानं पट्टी सोडली, आरसा उलटासुलटा केला आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

"नवा टाकू या. पुण्यास्नं मागवाय लागतोय. आठ-धा दिवस."

"मला रविवारी पाहिजे."

"रविवारी कशाला? गाडी तर इकायचीय न्हवं? रंगरावदादा मागल्याच हप्त्यात सांगत हुते, इचलकरंजीचं गिऱ्हाईक लागलंय म्हणून."

मागल्या हप्त्यात. मागच्या हप्त्यात आरसा धडधाकट होता.

मी तिथल्या टायरवर बसले. "दस्तगीर, हा मोडलाय कुठं, ते दाखव मला."

त्यानं दाखवलं. असा आरसा एका पोकळ नळीवर फिरतो. नळीवर स्प्रिंग, आणि स्प्रिंग दाबून धरायला टोकाला एक चकती. त्या चकतीला दोन कान. ते नळीच्या खाचेत फिरवून बसवले की स्प्रिंगच्या जोरावर आरसा उघडा किंवा मिटलेला घट्ट राहतो. आमच्या चकतीचा एक कान तुटून दुसरा वाकला होता. म्हणजे सगळा घोळ रुपयाच्या नाण्याएवढ्या एका चकतीचा.

"एक सांगू बाई?" दस्तगीर आरशाच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाला. "ह्यो तुमच्या हातनं मोडलेला न्हाई."

"कशावरून?"

"चालत्या गाडीला काय लागलं तर आरसा मागं मिटतोय. त्यासाठीच तर मिटायचा केलाय. ह्यो पुढं रेटलाय, बॉनेटकडं. बरं, रिव्हर्सला खांबाला लागला म्हणावं, तर वरखडा पायजे. हितं वरखडा न्हाई. हितं धुळीत बोटं हायत. मोठ्या हाताची. दोन्ही हातांची."

मी पदरानं आरशाची पाठ पुसून टाकली.

"आवो बाई!"

"चकतीचं बघ."

दस्तगीर माझ्याकडं बघत राहिला. मग हसला. "चित्र काढून द्या. उद्या लेथवर करून घेतो."

वहीच्या पुठ्ठ्यावर तुटकी चकती ठेवून मी आखणी केली, कान काढले, कात्रीनं कापून त्याच्या हातात दिली. शुक्रवारी पोलादाची चकती तयार होऊन आली. चकाकती, सुबक. आणि नळीवर बसेना.

दस्तगीरनं मोजपट्टी लावली. "चौफेर दोन सूत, म्हंजे पाव इंच जास्त झालीया. लेथवाल्याची चूक न्हाई, पुठ्ठ्याबरहुकूम केलीया त्यानं." पुठ्ठा डोळ्यांसमोर धरून तो एकदम खदखदून हसला. "बाई, तुमी शिलाईला सोडलंय काय?"

सोडलं होतं. तीस वर्षांची सवय. कात्री हातात आली की रेघेच्या बाहेरून कापायचं, शिवणीपुरतं जास्त ठेवायचं. मलाही हसू आवरेना. यजमान गेल्यापासून मी तशी हसले नव्हते.

"लोखंडाला शिलाई नस्ती ओ बाई!"

"घाल मग कानशीत."

कानशीनं कड घासून चकती बसली, पण खरं संकट पुढंच होतं. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय चकती खाचेत जाईना, आणि ती जागा इतकी अरुंद की स्प्रिंग दाबणारं हत्यार धरलं तर चकती घालायला जागा उरेना. दस्तगीरनं दोन पकडी लावून बघितल्या. स्प्रिंग सुटली ती थेट पत्र्याला जाऊन ठण्ण वाजली.

"कंपनीत ह्याला मशीन असतंय," घाम पुसत तो म्हणाला. "बाई, ऱ्हाऊ दे आता. लई झालं. रविवारी तसाच दाखवा, गिऱ्हाईक बघून घेईल."

"गिऱ्हाईकासाठी नाही रे करत."

"मग कुणासाठी?"

"मला चालवायचीय गाडी."

त्यानंतर दस्तगीरनं गाडी विकायचं नाव काढलं नाही.

घरी आले तर भाऊजी कट्ट्यावर बसलेले. "झाला का न्हाई आरसा?"

"नाही अजून."

"कशाला जीवाला तरास करून घेतासा? आमच्या हिलाबी वाटतंय, तुमी हितं दारात बसून शिवा की. बायका येतील. वडणग्याला जाऊन काय मिळतंय?"

"सतरा जणी आहेत वडणग्यात."

"आसू देत. म्हणून जीव धोक्यात घालायचा?" ते बोलत होते पण माझ्याकडं बघत नव्हते. गाडीच्या डाव्या बाजूकडं तर अजिबात नाही.

त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या गल्लीत गादीवाला बसला होता. पेठेतून फिरणारे लोक ते. पिंजलेला कापूस खोळीत भरायचा, फुगून ढीग झाला की त्यावर गुडघा रोवायचा, दाबलेल्या जागी दाभणानं टाका घालून दोरा गच्च आवळायचा, आणि गुडघा काढायचा. कापूस वर यायला बघतो, दोरा येऊ देत नाही. मी भाजी घेऊन चालले होते, तशीच थांबले. त्याचे चार टाके होईपर्यंत उभी राहिले. पाचव्या टाक्याला म्हटलं, "दादा, हा दोरा मला थोडा द्याल का? वाव-दोन वाव."

शनिवारी गॅरेज उघडायच्या आधीच मी दारात.

"स्प्रिंग त्या चिमट्यात... त्या तुझ्या शिकंज्यात धर," मी दस्तगीरला म्हटलं. हत्यारांची नावं तेव्हा मला येत नव्हती. "आणि दाब. पूर्ण दाब."

त्यानं दाबली. वेटोळ्यावर वेटोळं चिकटलं. मी दोऱ्याला मेण लावून दोन बाजूंनी दोन बांध घातले. शिकंजा सैल केल्याबरोबर एक बांध सरकला, स्प्रिंग वाकडी होऊन उसळली आणि दस्तगीरच्या अंगठ्यावर बसली.

"या अल्ला!" तो अंगठा तोंडात घालून नाचला. "शिवणक्लासात असं मारतासा व्हय पोरीस्नी?"

"चार बांध घालू. समोरासमोर. आणि गाठ वेटोळ्याच्या आतल्या बाजूला. सरकणार नाही."

चार बांध घातले. शिकंजा सैल केला. आम्ही दोघंही मागं सरकलो. स्प्रिंग तशीच राहिली, आखूड, मुकाट, अंगावर चार टाके घेऊन. दस्तगीरनं ती चिमटीत उचलली, जणू झोपलेलं मूल. नळीवर घातली. वर चकती ठेवली, कान खाचेत, पाव फेरा.

"आता?"

"आता बाजूला सर," म्हणून मी काजं कापायची छोटी कात्री आत घातली. एक दोरा तोडला. दुसरा. तिसरा. चौथ्याला स्प्रिंग आतल्या आत 'टक्क' करून चकतीला भिडली. तुटके दोरे मी सुईनं ओढून काढले. दस्तगीरनं आरसा मिटला, उघडला, परत मिटला, परत उघडला. प्रत्येक वेळी तो आपल्या जागी येऊन थांबला.

"अख्ख्या उद्यमनगरात हे कुणी केलं नसंल," तो म्हणाला. मला वाटतं केलं असेल कुणीतरी. पण ऐकायला बरं वाटलं.

रविवारी एक वाजता धैर्यशील आला, सोबत मगदूम. पन्नाशीचे, सुताचे व्यापारी, पांढरा शर्ट, बोलायला मऊ. त्यांनी गाडीला फेरी मारली, टायर बघितले, आणि डावा आरसा हातानं मिटून उघडला.

"आरसा मोडलाय म्हनालता. ह्यो तर झकास हाय की."

धैर्यशीलनं माझ्याकडं बघितलं. "आई, कुणी केला?"

"मी. आणि दस्तगीरनं."

"गाडीला हात लावू नकोस म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंस."

त्यानं पिशवीतून कागद काढले. "बरं, जाऊ दे. चांगलंच झालं. इथं सही कर, आणि इथं."

"नाही करणार."

"आई, पाहुण्यांसमोर हे नको."

"पाहुणे तू आणलेस. मगदूमसाहेब, तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. चहा घेऊन जा. गाडी विकायची नाही."

भाऊजी त्यांच्या दारातून बाहेर आले, चौकटीला धरून उभे राहिले.

धैर्यशीलचा आवाज चढला. माझं पोर वाईट नव्हतं, घाबरलं होतं. बाप जाऊन वर्ष होत नव्हतं, आईही जाईल अशी भीती त्याला आतून खात होती. पण भीती माझ्यासाठी होती तरी कुलूप मलाच लागणार होतं.

"आरसा बसवला म्हणजे झालं? आज आरसा मोडलास. उद्या माणूस मोडशील. परवा स्वतःला. मग मी काय करू? पुण्यात बसून फोनची वाट बघू?"

एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. मी भाऊजींकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"जाऊ दे रे धैर्या," ते चाचरत म्हणाले. "आरशाचं काय एवढं..."

"काका, तुम्हीच तर फोन केलात! आईनं गाडी धडकवली म्हणून."

भाऊजींचा चेहरा पार उतरला.

मी ते वाक्य गिळलं. म्हटलं, "धैर्यशील, आरसा मोडला. मोडला म्हणून दुरुस्त केला. परत मोडला तर परत करीन. तुझ्या बाबांनी वीस वर्षांत तीनदा गाडी फाटकाला घासली. एकदा शिंगणापूरच्या वाटेला म्हशीला ठोकली. म्हशीला काही झालं नाही, गाडीचं तोंड वाकडं झालं. त्यांच्या हातातली किल्ली कुणी मागितली होती? तू मागितली होतीस?"

मगदूमांना हसू आलं. ते त्यांनी खोकून लपवलं.

"बाबांची गोष्ट वेगळी होती."

"का?"

त्यानं हातातले कागद पिशवीत कोंबले.

"काही झालं तर मला सांगू नकोस," तो म्हणाला.

"काही झालं तर तुलाच सांगीन. दुसरं आहे कोण मला? पण विचारणार नाही."

चहा झाला. धैर्यशील रागातच मगदूमांच्या गाडीतून स्टँडकडं गेला. आठ दिवस त्यानं फोन केला नाही, नवव्या दिवशी केला आणि वडणग्याच्या रस्त्याचं काम झालं का ते विचारलं. पण ते पुढचं.

मी मशीनची मुंडकी डिकीत ठेवत होते. दोनला अर्धा तास उरला होता. भाऊजी हळूच जवळ आले.

"वैनी. गुरुवारी सकाळी खिडकीत तुमीच हुतासा न्हवं?"

"होते."

"म्हंजे समदं बघितलंसा?"

"तुम्ही दोन्ही हातांनी रेटताना बघितलं. तुटल्यावर इकडंतिकडं बघून पेपर आणायला गेलात तेही. परत येऊन मलाच विचारलंत, कुठं धडकवलीसा."

त्यांनी कपाळावर हात फिरवला. "मुद्दाम न्हाई केलं ओ. भवानीआईची आन. स्कूटर काढायची हुती. दादाचा आरसा कायम मिटल्याला, त्यो कंच्या अंगाला मिटतोय हेच ठाव न्हवतं मला. जाम झालाता, म्हणून जोर लावला. मोडला. आन तुमी दारात आलासा तशी तोंडातनं तसंच ग्येलं. एकदा बोललो ते बोललो. मग फोनबी केला."

"गिऱ्हाईक त्याआधीच बघितलं होतंत."

"व्हय. त्येबी खरं." मग म्हणाले, "पण मघाशी पोराम्होरं माझं नाव घ्यायचं हुतं. एका शबुदात सुटला असतासा."

"म्हणूनच नाही घेतलं."

त्यांना कळलं नाही. डिकी लावून मी त्यांच्याकडं वळले.

"नाव घेतलं असतं तर तो म्हणाला असता, आई, तुझी चूक नव्हती, मग चालव. म्हणजे ज्या दिवशी माझी चूक होईल त्या दिवशी किल्ली त्याची. मला तशी गाडी नको होती, भाऊजी. आरसा माझ्या हातून मोडला असता तरी मी चालवणारच होते."

मी आत बसले, पट्टा लावला, दोन्ही आरसे बघितले आणि गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. बोळ अरुंद, दोन्हीकडं हात-हात जागा. भाऊजी घाईनं गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले आणि हात हलवायला लागले.

"येऊ दे... येऊ दे... डावीकडं वाईच... थांबा, थांबा! येऊ दे..."

मी ब्रेक दाबला. काच खाली केली.

"भाऊजी, बाजूला व्हा. मला दिसतंय."

ते तसेच, हात हवेत धरून उभे होते. डाव्या आरशात संपूर्ण दिसत होते, डोक्यापासून चपलेपर्यंत.

मी वाट बघितली. मग ते भिंतीला टेकले, आणि मी गाडी बाहेर काढली.